उजवी की डावी

डॉक्टर महरीन यांनी महिपतच्या नातीच्या इवल्याशा तोंडात दोन बोटं घातली, जीभ वर उचलली आणि म्हणाल्या, "हे बघा. इथे अडलंय सगळं." त्याचा मुलगा स्वरूप वाकला, सून मनस्वी खुर्चीतूनच पुढे झाली, आणि दाराला टेकून उभ्या असलेल्या महिपतने लांबूनच मान उंच केली. जिभेखाली पांढरट, ओल्या जानव्याच्या सुतासारखा एक पडदा ताणला गेला होता. बाळ रडत होतं, पण रडतानाही जीभ उठत नव्हती. आतल्या आत थडथडत होती, दाव्याला बांधलेलं वासरू गोठ्यातल्या गोठ्यात उडी मारतं तशी. "म्हणून दूध ओढताना टकटक आवाज येतो. म्हणून अर्धं दूध गालावरून ओघळतं, आणि म्हणून तुम्हाला चिरा पडल्यात, ताई. तुमचं दूध कमी नाही. कोण म्हणालं कमी आहे?" कोण म्हणालं नव्हतं! शेजारीण म्हणाली होती, मनस्वीची आई फोनवर म्हणाली होती, घरातली म्हातारी म्हणाली होती. मनस्वीने ओढणी तोंडाला लावली. "वरच्या ओठाखाली पण थोडा पडदा आहे, पण त्याला मी हात लावणार नाही. पुष्कळांना असतो, काही बिघडत नाही. बांधलेली प्रत्येक जीभ कापायची नसते. जी अडते तीच सोडवायची. ही अडलीय." मग हातमोजे काढता काढता त्यांनी सहज विचारलं, "घरात कुणाला आहे का असं? वंशातून येतं हे पुष्कळदा." स्वरूपने एकदा बापाकडे पाहिलं आणि लगेच भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे. तेवढं पुरे झालं. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "आजोबा, या बघू इकडे. आ करा. जीभ बाहेर काढा." महिपतने तोंड उघडलं. जीभ ओठापर्यंत आली आणि थांबली, नेहमीसारखी, मधोमध खाच पडलेली, दोन बाजूंना दोन फुगवटे. बॅटरीचा उजेड तोंडात पडला. बाईंच्या तोंडून निघून गेलं, "अरे! तुमचं कुणी सोडवलं नाही, आजोबा? एवढंसं काम असतं हो."

एवढंसं. महिपतने तोंड मिटलं. आता त्या बोलतच होत्या, त्यांच्या बोलण्यात कुठेही कमीजास्त काही नव्हतं, चांगल्या घरची गोड बाई. "भाकरीचा तुकडा गालात अडकला तर जिभेने काढता येत नाही, बरोबर? बोटच घालावं लागतं?" त्याने मान हलवली. "ओठ जिभेने ओले करता येत नाहीत? जेवून उठलं की जबडा दुखतो? मान धरते? झोपेत तोंड उघडं राहतं?" हो. हो. हो. प्रत्येक प्रश्नाला मान हलत होती आणि आत कुठेतरी एकेक वीट निघत होती. तो हळू जेवतो, कारण त्याचा स्वभाव शांत आहे, असं मथुरा म्हणायची. बायको होती ती, तिने त्याचं सगळं जपलं. पंगतीत तो शेवटी उठतो, कारण त्याला अन्नाचा मान कळतो, असं गावात म्हणत. तोंडात बोट घालायची सवय लाजेची, ओठ कोरडे ते दर्यावरच्या वाऱ्याने. ज्याला आयुष्यभर आपण 'मी' म्हणत आलो तो सगळा एका सुताचा हिशेब निघाला. इथे, रत्नागिरीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या या थंडगार खोलीत, एका पोरसवदा बाईने बॅटरी मारून तो वाचून दाखवला होता.

नातीचं लगेच केलं. स्वरूपने तिचं डोकं धरलं, मनस्वी बाहेर गेली, महिपत मात्र तिथेच उभा राहिला. कात्री दिसलीसुद्धा नाही. एक किंकाळी, कापसावर रक्ताचा ठिपका, संपलं. बाईंनी मनस्वीला आत बोलावून बाळ तिच्या ओटीत दिलं, "घ्या पाजायला, लगेच घ्या." पडदा ओढला गेला. पडद्यामागून आधी नुसती सळसळ, मग शांत. आणि मग तो आवाज आला. घुटूक. थांबून, घुटूक. टकटक नाही. मनस्वी रडत रडत हसत होती, "अहो, ओढतेय ही! बाबा, ऐकलंत का? ओढतेय!" महिपतने ऐकलं. असा आवाज त्याने पूर्वी ऐकला होता. गावच्या देवळामागच्या झऱ्यात घागर बुडताना येतो तो. त्याचे डोळे भरून आले ते नातीसाठीच, खरंच नातीसाठी, पण त्या पाण्याच्या तळाशी दुसरंच काही वळवळत होतं आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली, की तो जिना उतरून खाली रस्त्यावर येऊन उभा राहिला.

मथुरा होती तोवर त्याला जीभ होती. तो बोले, ती सांगे. दुकानात, बँकेत, लग्नाच्या बोलणीत. 'ते म्हणतायत,' असं ती सुरुवात करी, आणि पुढे जे बोले ते त्याच्या बोलण्यापेक्षा कधी थोडं बरंच असे. ती गेल्यावर तो मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यात जास्तच रमला. तिथे लाद्या फोडायचं यंत्र चालू झालं, की सगळेच मुके. ट्रॉलरवरचे खलाशी हाताने सांगतात, किती टोपल्या, कुठल्या लाँचवर, लवकर. त्या गडगडाटात सर्वांची जीभ बांधलेली आणि महिपत त्यांच्यातलाच एक. पण हे पोटाचं झालं. जिवाचं वेगळं होतं. त्याचे वडील केरूबुवा मंडणगडाकडच्या बारा वाड्यांत कीर्तनकार म्हणून प्रसिद्ध. शेतकरी माणूस, हाताला घट्टे, पण गळ्यात वीणा पडली आणि फेट्याचा शेमला खांद्यावर आला की उंची एक वीतभर वाढायची. बुवा एक पाय पुढे टाकून नामाला हात घालत, आणि देवळाच्या मंडपातली हवा कशी, तव्यावर टाकलेल्या भाकरीसारखी, हळूहळू फुगत जायची. महिपत तेव्हा बापाच्या मागे टाळकऱ्यांच्या ओळीत उभा. सहा वर्षांचं पोर, टाळ त्याच्या तळहाताहून मोठे. पण त्याचा टाळ कधी चुकला नाही. बुवांचा श्वास कुठे तुटणार, कुठल्या शब्दावर आवाज बसणार, हे त्याला त्यांच्या पाठीवरच्या सदऱ्याच्या सुरकुतीवरून कळे. आवाज बसायच्या आधी तो टाळ उचलून धरी, मागची माणसं अभंगाचं फिरून म्हणायचं धृपद उचलत, आणि लोकांना वाटे बुवांनी मुद्दामच जागा सोडली. टाळकऱ्याचं काम तेच. पुढच्याचं पडलेलं कुणाला दिसू द्यायचं नाही. सगळी कीर्तनं त्याला पाठ होती. दृष्टांत, कथा, हशा कुठे येतो, बायका डोळ्याला पदर कुठे लावतात, सगळं. फक्त ते तोंडातून येत नसे. 'रामकृष्णहरी' म्हणायला जावं तर 'आमकुष्णहई' बाहेर पडे. शाळेतल्या पोरांनी तेच नाव ठेवलं. "आला रे आमकुष्ण आला. ए आमकुष्णा, रताळं म्हण, रताळं!" देवाचंच नाव होतं ते, मोडकं असलं तरी, म्हणून त्याला राग धरता येत नसे. हे पोरांना कुठून कळावं?

आई वेखंड उगाळून मधातून जिभेला लावी. तिखट, कडवट, जिभेला मुंग्या आणणारं. बुवा कीर्तनाहून आले, की गादीसमोरच्या प्रसादाचा पहिला घास त्याच्या जिभेवर ठेवीत, वाचा फुटावी म्हणून. एकदा सरकारी दवाखान्याची गाडी गावात आली. त्यातल्या डॉक्टरने सगळ्या पोरांची तोंडं तपासली आणि बुवांना सांगितलं, याची जीभ खाली शिवल्यासारखी आहे, तालुक्याला आणा, सोडवून देतो. बुवा म्हणाले, देवीला विचारतो. त्यात वावगं काय होतं? पोराच्या अंगाला लोखंड लावायचं, तर ज्या वाघजाईच्या राखणीत गाव नांदतो तिची परवानगी नको? विहिरीची जागा तिला विचारून, सोयरीक तिला विचारून, तर जिभेचं का नाही? गुरव देवीला गाऱ्हाणं घालतो, मग पाण्यात भिजवलेल्या तगरीच्या दोन कळ्या तिच्या काळ्या पाषाणाच्या छातीवर चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नको. महिपतला आठवतं ते गाभाऱ्याच्या दारातून दिसलेलं, तेलकट काळोखात दोन पांढरे ठिपके. मग त्याला बाहेर पाठवलं. तो चाफ्याखाली बसून मुंगळ्यांची रांग बघत राहिला. उन्हं उतरली तेव्हा बुवा बाहेर आले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "डावी दिली रे तिनं. नको म्हणते. ज्याला देव आपल्याजवळ ठेवतो, त्याची जीभ तो लोकांसाठी सोडत नाही." एवढ्या मोठ्या हाताखाली, एवढ्या मोठ्या वाक्याखाली ते पोर सुखावलं. देवी त्याच्याबद्दल बोलली होती! गावातल्या कितीजणांबद्दल ती बोलली असेल? त्या 'नको'वर त्याने पुढचं सगळं उभं केलं. लोक हसत तेव्हा तो मनात म्हणे, तुम्हाला काय माहीत. केरूबुवा वारले, गादीवर दुसऱ्या गावचे बुवा आले, तरी तो मागेच उभा राहिला, न कुरकुरता. तिनेच ठेवलंय मागे. तिचा शब्द आहे.

आणि आता एवढंसं काम.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच त्या जिन्याने वर गेला. डॉक्टर महरीन यांना त्याचं बोलणं पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा कळलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "होतं, आजोबा. मोठ्यांचंही करता येतं. थोडे टाके पडतील, मग रोज जिभेचे व्यायाम, नाहीतर परत चिकटते. पण एक सांगते, मी आशा लावणार नाही. जीभ सुटेल. जबड्याला, मानेला आराम पडेल. बोलणं सुटेलच असं नाही. बोलणं नुसतं जिभेत नसतं हो, ते इतक्या वर्षांच्या वळणात असतं. त्यासाठी शिकवणाऱ्याकडे वर्ष-वर्ष जावं लागेल, आणि तरीही." ते 'तरीही' त्याने ऐकलं नाही. सगळं ऐकणारा माणूस नेमकं तेवढंच ऐकत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे माघातला सप्ताह होता. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन, त्याच दिवशी केरूबुवांची तिथी. गावची रीत अशी, की त्या दिवशी पहिला नामगजर बुवांच्या घरच्या कर्त्याने करावा. आणि कर्ता तर मुका, म्हणून इतकी वर्षं तो मान रिकामाच जात होता. बाहेरचे बुवा गादीला हात लावून नुसते थांबत, जणू कुणी बोलतंय, आणि मग स्वतःच सुरू करत. ती थांबलेली घटका महिपत दर वर्षी टाळ छातीशी धरून सोसत आला होता. त्याला कीर्तन करायचं नव्हतं. तेवढं पात्र तो स्वतःला समजत नव्हता. फक्त तो गजर. एकदाच, वडिलांच्या गादीवरून, देवाचं नाव पुरतं, धड, त्यातल्या प्रत्येक अक्षरासकट.

पण डावी दिली होती ना? तिचं 'नको' ओलांडून कात्री लावायची कशी? तो आईकडे गेला. हौसाबाई गॅलरीत बसून भिजवलेले वाल सोलत होती. नव्वदीला टेकलेली, कान शाबूत, डोळे अर्धे. त्याचं बोलणं जगात आता फक्त तिलाच न अडखळता कळायचं. तो बोलला ते दुसऱ्या कुणाला असं ऐकू आलं नसतं, पण त्याच्या मनात आणि तिच्या कानात ते असंच होतं: "आई, देवीनं डावी दिली होती. आता मी कापून घेतली, तर तिचा शब्द मोडेल काय?"

हौसाबाईने वालाचं साल बोटावरून झटकलं. "कोन म्हनलं डावी दिली?"

"बाबा."

"डावी नाय दिली."

महिपतच्या छातीत काहीतरी एकदम उभं राहिलं. "मग उजवी?"

"उजवी पन नाय." तिने दुसरा वाल घेतला. "पडलीच नाय रं. येक पन नाय पडली. तू चाफ्याखाली व्हतास. मी दाराशी. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, कल्या लावल्यान, आनि बसलो. बसलो ते बसलोच. माशी बसली तरी कली हालत नाय. तुज्या बापसाला पल्याडच्या वाडीत कीर्तन व्हतं, बलवायला मानूस येऊन उभा. गुरव म्हनला, बुवा, उद्या परत लावू. ह्यो उटला. म्हनला, बोलत नाय म्हंजे नकोच म्हनते. झालं."

"उद्या?"

"तेला उद्याला येल कुठं व्हता? आनि खरं सांगू का पोरा," ती थांबली, तिचे अर्धे डोळे समुद्राकडे होते, "तेला मागं टाल धरनारा हवा व्हता. तुज्यावानी टाल दुसऱ्या कोनाचा पडत नसे. तालुक्याला नेलान असता, तू महिनाभर तिकडं, मग शालंत, मग कुठं बोलून चालून म्हमईला. तेनं मुद्दाम केलान असं नाय म्हनत मी. बापूसच तो. पन उटला."

"तू सांगितलं का नाहीस?"

"मी?" म्हातारी हसली, दात नसलेल्या तोंडाने, आवाज न करता. "मला तरी कुटं जीब व्हती तवा?"

खाली बंदरावर माशांचा लिलाव चालू होता, भाव ओरडले जात होते, कावळे आणि घारी. महिपत गॅलरीच्या कठड्याला धरून उभा राहिला. त्याला वाटलं होतं राग येईल, बापाचा, आईचा, गुरवाचा. आला नाही. त्याच्या जागी एक पोकळी होती, कणगीतलं भात संपल्यावर तळाला हात लागतो तशी. नको म्हणणाऱ्या देवाशी भांडता येतं. भांडून पाया पडता येतं, पाया पडून पुन्हा भांडता येतं. सगळ्या भक्तांनी तेच केलं, कीर्तनात दुसरं असतं काय? पण जी बोललीच नाही तिच्याशी काय करायचं? इतकी वर्षं तो ज्या शब्दाच्या सावलीत बसला होता तो शब्दच नव्हता. दोन पांढरे ठिपके होते आणि घाईत उठलेला एक माणूस. ती त्याच्याबद्दल कधी काही म्हणालीच नव्हती. कदाचित त्या दुपारी तिला बोलायचं असेल आणि बोलता आलं नसेल, असंही त्याच्या मनात आलं, आणि त्या विचाराने त्याला देवीची इतकी कणव आली, की भीतीच वाटली. देवाची कणव येऊ लागली, की माणसाने कुणाकडे बघायचं?

मग त्याने जीभ सोडवून घेतली. परवानगी नव्हती आणि मनाईही नव्हती, त्याला हे उघड्यावर झोपल्यासारखं वाटलं. टाके पडले, तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव, दोन दिवस पेज. मनस्वी रोज त्याच्या ओठांना मधाचं बोट लावी आणि म्हणे, "हं बाबा, चाटा. वर. आता डावीकडे." मांडीवर नात, तीही जीभ बाहेर काढून बघे, आणि दोघं एकमेकांना जिभा दाखवीत, घरात हशा पिके. जीभ खरंच निघाली. ओठ ओलांडून गेली. खालच्या दातांमागे फिरली, टाळूला लागली, जिथे ती कधीच गेली नव्हती तिथे गेली, आणि महिपतला स्वतःच्या तोंडाचं छत पहिल्यांदा कळलं, देवळाच्या घुमटाच्या आतल्या बाजूला असतात तशा त्याला वळ्या होत्या. आपल्याच घरात एक खोली इतकी वर्षं बंद होती! पण त्या खोलीत जाऊन काय करायचं ते जिभेला माहीत नव्हतं. तो म्हणे, रा. येई, आ. तो टाळूला जीभ लावून, थरथरवून, पुन्हा म्हणे. एक घरघर येई, आणि ती निघून गेल्यावर मागून तोच जुना, ओळखीचा, लबाड आ. पन्नास वर्षं ज्या आडवाटेने शब्द चालले होते ती वाट आता पक्की झाली होती. पूल बांधला म्हणून बैल पुलावरून जात नाहीत. तो कारखान्यात यंत्र सुरू झालं की त्या गडगडाटात मोठमोठ्याने म्हणायचा. तिथे कोण ऐकतंय? तिथे त्याला वाटायचं, आलं. आज आलं. अगदी स्पष्ट आलं.

सुलेमान तांडेल आपल्या लाँचसाठी बर्फ भरायला आला तेव्हा त्याला बातमी लागलेली होती. लहानपणापासूनचा दोस्त, पांढऱ्या दाढीला मेंदी लावलेला. "काय बुवा, जीब सुटली म्हनं तुमची? जपून हां. बांधलेली जीब कोनाचा वाईट करत नाय. सुटलेली दहा घरं मोडते. माज्या मेव्हन्याला विचार." बर्फवाली पोरं हसली. सुलेमानने त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला नेलं, बर्फाच्या लाद्यांआड, आणि आवाज उतरवून म्हणाला, "बोल बघू काय तरी. मला बोल." महिपतने श्वास घेतला. जीभ टाळूला नेली. आणि देवाचं नाव म्हणाला, सगळं, सावकाश. सुलेमान त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने मान वळवली, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मशीन चालू हाय रे. काय आयकू नाय आला." आणि घाईने टोपल्या मोजायला गेला. महिपत तिथेच उभा. लाद्यांमधून पाणी ठिबकत होतं, टप्, टप्, आणि ते स्पष्ट ऐकू येत होतं, कारण यंत्र मघाशीच बंद झालं होतं.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण स्वरूपने गावी फोन करून सांगितलं होतं, खेडहून येणारे तरुण बुवा आनंदाने हो म्हणाले होते, गावात कळलं होतं. आणि खरं सांगायचं तर महिपतच्या मनात अजून एक कोपरा होता. जिथे आयुष्यभर नाम ऐकलं, त्या मंडपात, त्या टाळांच्या पुढे, कदाचित. भक्त माणसाच्या मनातला हा कोपरा फार चिवट. सगळं घर वाहून गेलं तरी तिथे दिवा लावायची जागा तो ठेवतो.

काल्याच्या दिवशी सकाळी ते गावी पोचले. आंब्यांना मोहोर, मंडपावर निरफणसाच्या पानांची तोरणं, हौसाबाईला खुर्चीत बसवून पुढे आणलेली, मनस्वीच्या खांद्यावर नात. महिपत आधी गाभाऱ्यात गेला. जुन्या गुरवाचा नातू तिथे होता, त्याने सहज विचारलं, "काका, काय विचारायचं हाय काय? कळ्या हायत भिजवलेल्या." महिपतने मान हलवली, नाही. देवीच्या छातीवर पाण्याचे ओघळ सुकलेले होते. तो तिच्याकडे पाहत राहिला, ती कुठेच पाहत नव्हती, आणि पहिल्यांदाच त्याला तिच्याकडून काहीही नको होतं. मग तो मंडपात आला. पखवाजावर थाप पडली. तरुण बुवांनी गादीला नमस्कार केला आणि हात जोडून म्हणाले, "आज इतक्या वर्षांनी केरूबुवांच्या घरचा गजर होणार आहे. महिपतकाका, या. पुढे या." त्याने हातातले टाळ शेजारच्याला दिले. रिकामे हात त्याला कुठे ठेवावेत कळेना. चार पावलांचं अंतर, पण मागून पुढे येताना मंडप उलटा झाला. पाठी दिसायच्या तिथे चेहरे होते. सगळे चेहरे त्याच्याकडे, मायेने वर उचललेले, थाळीत वाती असाव्यात तसे. नातीने तोंडातली मूठ काढली. तो थांबला. ती थांबलेली घटका, दर वर्षीची, आज त्याची होती, आणि तिच्यात अजून सगळं शक्य होतं. त्याने डोळे मिटले, सुटलेली जीभ टाळूला नेली आणि म्हणाला.

आमकुष्णहई.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्याने डोळे उघडले तेव्हा चेहरे खाली गेले होते, एकेक करून, जमिनीकडे, हातांकडे, जणू मंडपात कुणाचं तरी वस्त्र सुटलं होतं. त्याने पुन्हा तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी मागून टाळ उचलले गेले. सगळे टाळकरी एकदम, खच्चून, पखवाज त्यांच्यावर चढला, धृपद उसळलं, आणि त्याचा आवाज त्या गजरात नाहीसा झाला. त्याला माहीत होतं हे. त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्याचं पडलेलं दिसू द्यायचं नाही. त्यानेच तर त्यांना शिकवलं होतं. त्याचे ओठ हलत राहिले. त्या सुंदर, प्रेमळ, कान फाडणाऱ्या नामाच्या आत तो उभा होता आणि काहीही म्हणू शकला असता, शिवी दिली असती तरी चाललं असतं. वडिलांच्या पाठीवरची ती सुरकुती त्याला आठवली. आवाज बसायच्या आधी पडणारी. आज त्याच्या पाठीवर ती कुणीतरी वाचली होती.

कीर्तन झालं. चांगलं झालं म्हणतात. हंडी फुटली, काला वाटला गेला, दही, लाह्या, डाळिंबाचे दाणे. महिपत आईच्या खुर्चीशी खाली बसला, तळहातावर काला घेऊन. लोक येऊन पाया पडत होते, "बुवांची आठवण झाली," म्हणत होते आणि त्याच्या डोळ्यांत न बघता पुढे जात होते. त्याने काला तोंडात घातला. दही ओठाच्या कोपऱ्यातून ओघळू लागलं, लहानपणापासून ओघळायचं तसं. हौसाबाईचे अर्धे डोळे दुसरीकडे होते, पण हात सवयीने उठला. काल्याच्या दिवशी या पोराचं तोंड पुसायचं, हे त्या हाताला तिच्याआधी आठवत असे. पदराचं टोक बोटांत धरून तो हात त्याच्या तोंडाकडे आला. तेवढ्यात त्याची जीभ बाहेर आली, त्याने न सांगता, आणि ओठाचा कोपरा, खालच्या ओठाची कड, सगळं चाटून स्वच्छ करून आत गेली.

म्हातारीची बोटं त्याच्या कोरड्या हनुवटीला लागली. तिने ती थोडी इकडेतिकडे फिरवून पाहिली. मग पदर तसाच धरून तिने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवून दिला.